लतीफभाईंचा सफाई कोर्स

लतीफभाई मुकादमांना मी अकरा वर्षं ओळखते आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं मी त्यांना मूर्ख समजत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं आली तर बाई मुळातच मऊ आहे असं कोणाला वाटायला नको. महाडच्या बाजारपेठेतल्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं लोकांच्या शौचाचे नमुने तपासणारी बाई मऊ राहत नाही.

आमच्याकडे नमुने कशाकशातून येतात ते सांगितलं तर जेवण जाणार नाही. एका गुरुजींनी श्रीखंडाच्या डब्यातून आणला होता आणि डबा परत मिळेल का असं वर विचारलं होतं. त्या डब्यांत मी जे पाहते त्यावरून गावाची परीक्षा होते. सकाळी चहा-खारी, अकरा वाजता बिस्किटं, दुपारी पांढरा भात आणि त्यावर पिवळं पाणी, संध्याकाळी वडापाव, मग अॅसिडिटीची गोळी. एवढं सगळं करून हे लोक काउंटरवर कोपर टेकून मला विचारतात, "विनोदिनीताई, पोट काही साफ होत नाही हो, काय असेल?" काय असणार? आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. भाकरीतला, पालेभाजीतला, वालाच्या सालातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो खाऊन ते जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसतात, बाहेरून आलेल्या दांडग्या जंतूंना थारा देत नाहीत. त्यांना उपाशी ठेवलं की सगळ्या शरीराची घडी हळूहळू बिघडते. हे मी एकेकाळी समजावून सांगायची. आता सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हाही बिस्किटाचा पुडा असतो.

शिकलेले तर त्याहून वरताण. सासूने विरजलेलं दही 'आंबट आहे' म्हणून टाकून देणाऱ्या बायका चांगल्या जंतूंची पावडर पुण्याहून मागवतात आणि उकळत्या दुधात घालून पितात. दुधात पडताक्षणी ते जंतू मरतात, हे मी एकीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण चव छान लागते." आंबेनळी घाटात आता नाचणीची आंबील ग्लासातून विकतात. महाबळेश्वरला निघालेली माणसं गाडी थांबवून ती पितात, फोटो काढतात, आणि विकणारा स्वतः आत बसून कोल्ड्रिंक पीत असतो.

पण या सगळ्यांत लतीफभाईंसारखा नमुना मी पाहिला नाही.

पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी बाक पुसला. स्वतःच्या रुमालाने पुसला, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली आणि मग बसले. माझा बाक रोज सकाळी फिनेलने पुसला जातो. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हाच. उंच, काटकुळा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत सीलबंद पाण्याची बाटली. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता.

कतारमध्ये एका मजुरांच्या कॅम्पच्या मेसमध्ये ते एकवीस वर्षं स्वयंपाकी होते. एका वेळी तीनशे माणसांचा भात करायचे आणि तो कधी करपला नाही की कच्चा राहिला नाही. हे ते स्वतः सांगत नसत, तिकडून परतलेली पोरं सांगायची. मेसमधल्या माणसांची दरवर्षी तपासणी होते. एकविसाव्या वर्षी त्यांच्या नमुन्यात कसलासा जंतू सापडला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यांचा एप्रन उतरवून घेतला आणि त्यांना चुलीच्याच काय, भांड्यांच्याही जवळ जाऊ दिलं नाही. तीन महिने ते कॅम्पचं आवार झाडत होते. मग करार संपला आणि ते सावित्रीकाठच्या आपल्या गावी परत आले. त्यानंतर त्यांनी कोणासाठी कधी स्वयंपाक केला नाही.

त्याऐवजी त्यांनी सफाई कोर्स काढला.

आमच्या भागातून आखातात जाणारी पोरं पुष्कळ. मुंबईला मेडिकल झाल्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही, आणि मेडिकलमध्ये आपल्यासारखं कोणाचं होऊ नये, हे लतीफभाईंनी आपलं आयुष्यभराचं काम मानलं. पोरगा ठरला की पंधरा दिवस आधी ते त्याला ताब्यात घेत. पहिल्या दिवशी चहातून एरंडेल. मग तीन दिवस जंताच्या गोळ्या. मग सात दिवस, जिथे चिठ्ठी मागत नाहीत अशा दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल. त्या काळात खाणं फक्त पांढरं: मैद्याचा पाव, टोस्ट, भात, साबुदाणा, उकडलेली कोंबडी. नाचणी बंद, पालेभाजी बंद, वाल बंद, सुकट बंद. दही-ताकाचं तर नावच काढायचं नाही. शेवटी पोराचा नमुना माझ्याकडे आणायचा, माझ्याकडून 'काही आढळले नाही' असा रिपोर्ट घ्यायचा आणि मगच त्याला मुंबईच्या गाडीत बसवायचं. यासाठी ते कोणाकडून काही घेत नसत. मुसलमानांचीच नव्हे, पोलादपूरकडची हिंदू पोरंही त्यांच्याकडे येत. पुण्याचं काम म्हणून एखाद्याने एवढा अडाणीपणा मन लावून करावा याची मला फार चीड यायची.

मी त्यांना सुरुवातीला समजावलं होतं. सगळे जंतू वाईट नसतात, असं म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जंतू तो जंतू. घरात साप निगाला तर चांगला हाय का वाईट हाय, कोन बगत बसतो?"

"धामण उंदीर खाते, लतीफभाई."

"तिला पन लोक मारतातच."

मारतात हे खरंच आहे.

पुराच्या वर्षी अर्धं महाड पाण्याखाली गेलं, माझा मायक्रोस्कोपही गेला. पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या तापाच्या भीतीने घरोघर गोळ्या वाटल्या. ते योग्यच होतं, त्या ठरावीक आजारासाठी ठरावीक गोळ्या होत्या. पण लतीफभाईंना वाटलं की सरकारला आपलं म्हणणं उशिरा का होईना पटलं. लोकांच्या घरी उरलेल्या गोळ्या त्यांनी गोळा केल्या आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ते स्वतःवरही सफाई करू लागले. त्यांची बायको हफिजा हुशार बाई. नवऱ्याने घरात दही लावायला बंदी केली तेव्हा तिने विरजणाचं भांडं शेजारणीकडे नेऊन ठेवलं आणि रोज दुपारी तिथे बसून भाकरीशी दही खाऊ लागली. साठीला टेकलेली ती बाई डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चढ चढते. लतीफभाई जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात.

एकदा तर कमाल झाली. कुडपणहून गोमाजी नावाचा म्हातारा आला होता, पंच्याहत्तरीचा. नातवाच्या लग्नासाठी मुंबईला जाऊन चार दिवस मंच्युरियन खाऊन आला आणि पोट धरून बसला. बाकी जन्मभर नाचणी, वरी, ताक आणि डोंगरातल्या भाज्या. त्याची स्लाइड लावली तर आत नुसती बाजाराच्या दिवसासारखी गर्दी. मी लतीफभाईंना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी डोळा लावला, मागे सरले आणि दोन वेळा हात धुतले.

"ह्याला कतारमधी गेटवर पन उभा करनार नायत," ते म्हणाले.

गोमाजीने ते ऐकलं. "मला कुडपनातून पोलादपुरात उतराया जीवावर येतां," तो म्हणाला. "कतार कुठला?"

मी गोमाजीची आरती ओवाळत नाही. तो तंबाखू खातो आणि त्याला एका डोळ्याने दिसत नाही. पण तिसऱ्या दिवशी त्याचं पोट आपोआप ठीक झालं, आणि लतीफभाईंचं अकरा वर्षांत एक दिवसही ठीक नव्हतं.

मग यंदा शहबाजची पाळी आली. शहबाज म्हणजे लतीफभाईंचा भाचा आणि त्यांच्या मुलीचा, अफशाचा, ठरलेला नवरा. तेवीस वर्षांचा, गोबऱ्या गालांचा. पोलादपूरला हायवेवरच्या हॉटेलात मिसळ करायचा आणि तिथली अर्धी मिसळ बहुधा स्वतःच खायचा. त्याला कतारमध्ये मदतनीस स्वयंपाक्याची नोकरी लागत होती. सोमवारी मुंबईला मेडिकल होतं. ते पार पडलं की व्हिसा आणि व्हिसा आला की निकाह, असं ठरलं होतं. ज्या कामावरून मामाला हाकललं त्याच कामावर भाचा जाणार होता. लतीफभाईंनी त्याला सफाईचा दुप्पट डोस दिला तो त्यामुळेच.

आधीच्या गुरुवारी ते त्याला घेऊन आले. मी पोराला ओळखलं नाही. गाल आत गेले होते, ओठ सुकले होते.

"सकाळपासून सहा वेळा गेलो, मॅडम," तो म्हणाला. "पोटात नुसत्या कळा येतात."

"सफाई चालू हाय," लतीफभाई म्हणाले. "घान भायेर पडतेय."

मी स्लाइड लावली. कृमी नाहीत, अमिबा नाही, रक्त नाही. खरं म्हणजे काहीच नाही. जिथे दाटी असायला हवी तिथे रिकामं मैदान, आणि त्यात यीस्टचे, म्हणजे बुरशीचे, गोळे मजेत वाढत होते. असं मी आधीही पाहिलं होतं, त्यांच्याच पोरांच्या नमुन्यांत. पण इतकं उजाड पाहिलं नव्हतं. मी बाहेर येऊन विचारलं, कुठल्या कॅप्सूल दिल्या? दोन वेगवेगळ्या अँटिबायोटिक, दोन्ही एकदम, दहा दिवस.

"आत्ताच्या आत्ता बंद करा," मी म्हटलं. "आणि याला डॉक्टरांकडे न्या."

लतीफभाईंनी पिशवीतून फाइल काढली. त्या फाइलमध्ये आजवरच्या सगळ्या पोरांचे माझे रिपोर्ट होते, क्रमाने लावलेले. सर्वांत वर कतारचा त्यांचा स्वतःचा रिपोर्ट, लॅमिनेशन केलेला. तो त्यांनी मला दाखवला. "ह्याच्यासारका ह्याचा व्हायला नको, मॅडम. म्हनून तर सगळा करतोय."

तो कागद मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाचला. इंग्रजीत आणि अरबीत होता. एन्टामिबा कोलाय, असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली एका ओळीत: निरुपद्रवी, उपचाराची गरज नाही.

मला हसू आलं. ते मी आवरायला हवं होतं, पण आवरलं नाही. बाकावर सात-आठ माणसं होती, एसटीतले एक कंडक्टर होते, एक मास्तरीण होती. मी मोठ्याने सांगितलं, "लतीफभाई, अकरा वर्षं ज्याच्यामागे तुम्ही हात धुऊन लागलात, तो बिचारा काही करतच नाही. महाडमध्ये कित्येकांच्या पोटात असतो. नुसता राहतो आणि जातो. हे बघा, इथेच लिहिलंय. तुम्ही कोणाकडून वाचूनही घेतलं नाहीत?"

बाक हसला. कंडक्टर तर मांडीवर थाप मारून हसले.

लतीफभाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्या ओळीकडे पाहत राहिले. "मग माजा एप्रन कशाला काढलान त्यानी?"

"तुमच्या सुपरवायझरला तुमच्याइतकंच कळत होतं म्हणून," मी म्हटलं.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. घरी गेल्यावर मी ते नवऱ्यालाही ऐकवलं. शहबाजचा रिपोर्ट मी छापून दिला: काही आढळले नाही. त्यांनी तो फाइलमध्ये लावला आणि भाच्याला घेऊन गेले. इतक्या लोकांदेखत मूर्ख ठरवलेला माणूस घरी जाऊन त्याच बाईचं ऐकेल, असं मला का वाटलं कोण जाणे. बहुधा तसं वाटलंही नव्हतं. मी बोलून मोकळी झाले होते, एवढंच.

कॅप्सूल त्यांनी बंद केल्या नाहीत.

रविवारी सकाळी शहबाजला ताप भरला आणि शौचातून रक्त जायला लागलं. लतीफभाईंनी बॅग भरली होती, दुपारची मुंबईची गाडी ठरली होती. उद्या मेडिकल झालं की मग दवाखाना, असं त्यांचं म्हणणं. ताप दबायला त्यांनी तिसरीच एक कॅप्सूल काढली. तेव्हा हफिजाने ती त्यांच्या हातातून घेऊन मोरीत टाकली आणि दारात पाय पसरून बसली.

"न्यायचा आसंल तर मना वलांडून न्या," ती म्हणाली.

तिला ओलांडायची लतीफभाईंची हिंमत झाली नाही. शेजारच्याची रिक्षा आली आणि शहबाज महाडच्या दवाखान्यात पोहोचला, नाहीतर तो मुंबईच्या वाटेतच कुठेतरी गेला असता. हे माझं मत नाही, डॉक्टरांचं आहे.

त्यांनीच मला दवाखान्यात बोलावून घेतलं. पंचवीस वर्षांची ओळख, अरेतुरेतली. त्यांच्यासमोर माझा गुरुवारचा रिपोर्ट होता. आमच्या छापील रिपोर्टात शेवटून दुसरा एक रकाना आहे, जिवाणूंचं प्रमाण. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोरं का?"

"ते कोणी विचारत नाही. तूही कधी विचारलं नाहीस."

"तू पाहिलं होतंस का?"

"पाहिलं होतं. जवळजवळ काही नव्हतं. नुसतं यीस्ट."

"मग लिहिलं का नाहीस?"

मी म्हटलं की तोंडी सांगितलं होतं. कसं सांगितलं होतं ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. इतर सगळे जंतू मारल्यावर गोळ्यांना न जुमानणारा एक जंतू मागे उरतो आणि रिकाम्या घरात एकटा माजतो. त्याच्या विषाने मोठं आतडं सोलून निघतं. मुंबईला पाठवलेल्या तपासणीत तोच निघाला, पण तोवर डॉक्टरांनी वाट पाहिली नव्हती. त्यांनी आधीच्या कॅप्सूल बंद केल्या, त्या जंतूवरचं नेमकं औषध सुरू केलं, सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि सर्जनला तयार राहायला सांगावं लागलं. अफशा व्हरांड्यात बसून होती. मी तिच्यासमोरून दिवसातून चार वेळा जायची आणि दर वेळी काहीतरी कामाचं निमित्त काढून मान खाली घालायची.

सहाव्या दिवशी ताप उतरला. ऑपरेशन टळलं.

सोमवार तर केव्हाच गेला होता. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली आणि निकाह पुढे ढकलला. शहबाज घरी आला तेव्हा हफिजाने शेजारणीकडचं विरजणाचं भांडं उघडपणे आपल्या स्वयंपाकघरात आणलं. आधी नुसती पेज, मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पातळ ताक, पुढे कित्येक दिवसांनी नाचणीची मऊ भाकरी. आता कोणी म्हणेल की ताकाने चमत्कार केला. काही चमत्कार झाला नाही. दोन महिने पोरगा मिसळीच्या वासानेही पोट धरायचा. आतड्यातलं गाव पुन्हा वसायला वेळ लागतो आणि कधी कधी ते आधीसारखं वसतही नाही. तो हॉटेलात परत जायला लागला, पण खुर्चीवर बसून कांदा चिरण्यापुरता.

या सगळ्या काळात लतीफभाई लॅबकडे फिरकले नाहीत. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की ते येऊन भांडतील आणि माझ्याकडे बोलायला काही नसेल.

आले ते एका मंगळवारी. लॅब उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती. बाक न पुसताच बसले. मांडीवर फाइल होती.

"बाय, येक काम हाय," ते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांची मॅडम होते. "ह्ये येक्केचाळीस रिपोट हायत. तुम्ही केलेले. शहबाजसारका रिकामा कोनाकोनाचा होता, तेवढी नावा मना काडून द्या."

"कशाला?"

"त्यांना फोन करतो. कोन दोहाला हाय, कोन दम्मामला. कोनाचा पोट आजून चालत आसंल, कोन आजून त्या कॅप्सूली घेत आसंल. मीच सांगितलेला त्यांना, तिकडं पन तीन-तीन महिन्यांनी घ्या म्हनून. ते ऐकत आसतील माजा."

मी फाइल घेतली. पहिला रिपोर्ट उघडला, दुसरा उघडला, तिसरा. कृमी नाहीत. अमिबा नाही. रक्त नाही. शेवटून दुसरा रकाना कोरा. दहावा, विसावा, तिसावा, सगळीकडे कोरा. खाली माझी सही, वळणदार, तारखेसकट. यातले बरेच जण मी मायक्रोस्कोपखाली उजाड पाहिले होते, पाहून मनात लतीफभाईंना शिव्या दिल्या होत्या आणि पुढची स्लाइड लावली होती. कोणते, ते आता एकाचंही सांगता येत नव्हतं. माझ्या लेखी ती पोरं नव्हतीच. त्या माणसाच्या मूर्खपणाचे पुरावे होते ते, आणि पुरावे गोळा करताना मी ते लिहूनही ठेवले नव्हते.

"इथे लिहिलेलं नाही, लतीफभाई," मी म्हटलं.

त्यांनी मान वाकवून माझ्या बोटाखालचा रकाना पाहिला. मग स्वतः एक-एक पान उलटून शेवटपर्यंत पाहिला, ओठ हलवत, जणू मराठी अक्षरं कुठेतरी पुसट झाली असतील. "मी वाचला आसता, बाय," ते म्हणाले. "तुमचा एकूनएक अक्षर मी वाचतो."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, टोमण्याला उत्तर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माझ्याच्याने फक्त "चुकलं माझं," एवढंच म्हणवलं. तेही इतकं हळू की त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

"मग सगळ्यांनाच करतो," ते म्हणाले.

बाकावर आणखी दोन माणसं येऊन बसली होती. लतीफभाईंनी फाइल पहिल्या रिपोर्टावर उघडून मांडीवर ठेवली, नाकावर चष्मा चढवला आणि नंबर लावला. पलीकडून बराच वेळ कोणी उचलेना. ते वाट पाहत बसले. मग उचलला.

"सलाम आलेकुम, बेटा. लतीफचाचा बोलतोय, महाडचा," ते म्हणाले. "पोट कसा हाय रे तुजा?"